‘हृदयात होल आहे’ म्हणजे काय, आणि थांबायचं किती

बाळाच्या हृदयात होल आहे असं कळलं की घरातले सगळे एकच विचारतात, “मोठं आहे का लहान?” प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा असा, “या होलसाठी किती दिवस थांबता येतं?” काही होल वर्षानुवर्षं नुसती बघत राहायची असतात. काही पहिल्या चार-सहा महिन्यांत बंद करावी लागतात. आणि काही दोष असे असतात की जन्मानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे हातचे गेले तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

माझ्या मुलीला जन्मतः मोठा व्हीएसडी होता, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं होल. आम्ही कळव्याला खारेगावात राहतो, ती आता शाळेत जाते. तिच्यामुळे ठाणे, ऐरोली, घणसोलीकडच्या बऱ्याच आयांशी ओळखी झाल्या, आणि घोळ जवळजवळ नेहमी याच ठिकाणी झालेला दिसतो. जिथे निवांत राहायचं तिथे घर धास्तावलेलं असतं, आणि जिथे धावायचं तिथे “वजन वाढू दे, मग बघू” चाललेलं असतं.

आधी एक गोष्ट, कारण ती बाजूला सारल्याशिवाय आईच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. हे आईच्या हातून झालेलं नसतं. जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. हृदय घडतं ते गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतं कळलेलं असतं तेव्हा. ग्रहणात सुरी हातात घेतली, पपई खाल्ली, जिना चढली, यातल्या कशानेही होल पडत नाही. काही कारणं माहीत आहेत: सुरुवातीच्या महिन्यांत आटोक्यात नसलेला मधुमेह, रुबेला, फिटवरची काही औषधं, दारू, जवळच्या नात्यातलं लग्न, डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष. पण बहुतेक बाळांच्या बाबतीत बोट ठेवावं असं एकही कारण सापडत नाही. सासरचं कुणी “आमच्याकडे कुणाला नव्हतं” म्हणालं, तर त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. ती शक्ती पुढे लागणार आहे.

आता हृदयाकडे. हृदयाला दोन बाजू. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तिथे त्यात प्राणवायू मिसळतो, ते डाव्या बाजूला परत येतं आणि डावी बाजू ते सगळ्या शरीराला पुरवते. मध्ये पडदा असतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर व्हीएसडी, वरच्या कप्प्यांमध्ये असेल तर एएसडी. डाव्या बाजूचा जोर जास्त, म्हणून शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे घुसतं आणि शरीराला जाण्याऐवजी पुन्हा फुप्फुसांत जातं. सोसायटीच्या पाइपलाइनला मधेच मोठी गळती असली की पंप तासन्‌तास चालतो, विजेचं बिल वाढतं आणि वरच्या मजल्यावर मात्र नळाला धार नसते, तसंच हे. फुप्फुसं रक्ताने भरलेली, हृदय दमलेलं, आणि शरीराला हवं तेवढं रक्त नाही. बाळ जे दूध पितं त्यातली बरीच ताकद नुसता श्वास घेण्यात आणि हृदय चालवण्यात खर्ची पडते. म्हणून बाळसं धरत नाही.

इथे सगळ्यांना पडणारा प्रश्न असा की होल जन्मापासून होतं, तर पहिला महिनाभर बाळ छान कसं होतं? पोटात असताना बाळ फुप्फुसं वापरत नाही. त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, तिथला दाब भरपूर असतो. जन्मानंतर तो दाब एकदम उतरत नाही, काही आठवडे घेतो. तोवर छिद्र मोठं असूनही त्यातून फारसं रक्त पलीकडे जात नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास दाब उतरतो आणि मग धाप सुरू होते. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांना छातीत आवाज ऐकू आला नव्हता, म्हणजे त्यांनी नीट तपासलं नव्हतं, असं दर वेळी नसतं.

आमच्याकडे हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मालिशवाल्या मावशींच्या. अंघोळ झाल्यावर त्या थोडा वेळ टेकायच्या तेव्हा मी पाजायला घ्यायचे. मुलगी चार-पाच घोट ओढायची, सोडून द्यायची, धापा टाकायची, परत ओढायची. हिवाळ्याचे दिवस, वर पंखा चालू, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब, जावळ ओलं होऊन चिकटलेलं. सासूबाई पदराने टिपत म्हणाल्या, “उकडतंय गं तिला.” मावशी बघत होत्या, त्या म्हणाल्या, “ताई, हिला उकडत नाहीये. ही दूध ओढतानाच दमते.” शेकड्याने बाळं हाताखालून गेलेल्या बाईचं ते निरीक्षण होतं, आणि बालहृदयतज्ज्ञांनी पहिला प्रश्न नेमका तोच विचारला: पाजताना घाम येतो का?

घरी बघायची लक्षणं ही अशीच, साधी. दूध पिताना थांबत थांबत पिणं आणि कपाळावर घाम. अर्धा-पाऊण तास छातीला लावूनही पोट न भरणं. वजन जागच्या जागी. वारंवार छाती भरणं, एक न्यूमोनिया संपतो तोवर दुसरा. आणि श्वास. श्वास मोजायला यंत्र लागत नाही. बाळ झोपलेलं असताना झबलं वर करा, मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ही बाळं श्वास एका लयीत घेत नाहीत. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, तर तो जलद समजतात. मोजलेला आकडा तारीख-वेळेसकट वहीत लिहा. डॉक्टरांना “जरा धाप लागते” यापेक्षा “काल रात्री झोपेत ६८” हे जास्त उपयोगी पडतं.

होल न म्हणता येतील असे दोष वेगळे, आणि त्यातले काही फार घाईचे. पोटात असताना बाळाच्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती मिटते. ती मिटलीच नाही तर तो पीडीए. पण काही बाळांचं जगणं त्या नळीवरच अवलंबून असतं: कुणाच्या मुख्य रक्तवाहिन्या अदलाबदल होऊन जोडलेल्या असतात, कुणाची फुप्फुसाकडची किंवा शरीराकडची वाट बंद असते. नळी उघडी आहे तोवर बाळ गुलाबी दिसतं, मिटायला लागली की काही तासांत काळंनिळं किंवा पांढरंफटक पडतं. ती उघडी ठेवणारं औषध आहे, प्रोस्टाग्लँडिन, शिरेतून सतत द्यावं लागतं, आणि तेवढ्या अवधीत बाळाला हृदयशस्त्रक्रिया होते तिथे हलवावं लागतं. रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या असतील तर ऑपरेशन साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करतात. इथे “बारसं उरकून घेऊ” नाही.

अशी बाळं घरी जाण्याआधी पकडण्यासाठी एक अगदी स्वस्त तपासणी आहे. बाळ २४ तासांचं झालं की उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटरचा पट्टा लावायचा. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त, आणि दोन आकड्यांत ३ हून जास्त फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, रक्त नाही. सगळ्या प्रसूतिगृहांत हे आपणहून होतंच असं नाही, म्हणून डिस्चार्जच्या आधी स्पष्ट विचारा, “हाता-पायाचं सॅच्युरेशन बघितलं का?” कोविडनंतर हे यंत्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण बोटाला लावायचा घरचा चिमटा तान्ह्या बाळासाठी नसतो. त्याच्या आकड्यावरून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

निळेपणा बघायचा तो जिभेवर, ओठांच्या आतल्या बाजूला आणि हिरड्यांवर, दिवसाच्या उजेडात. गार हवेत तळहात-तळपाय निळसर होणं नवजात बाळांत नेहमीचं आहे. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत चेहऱ्यावरून निळेपणा कळत नाही, त्यात ट्यूबलाइट फसवते.

‘ब्लू बेबी’मधला सगळ्यात जास्त आढळणारा दोष म्हणजे टीओएफ (टेट्रालॉजी ऑफ फॅलो), फॅलो या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा. खालच्या पडद्याला मोठं छिद्र, आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. त्यामुळे अशुद्ध रक्त सरळ शरीरात जातं. ही मुलं वजनाने कधीकधी बरी असतात, त्यामुळे घर निश्चिंत असतं. मग एखाद्या सकाळी झोपेतून उठल्यावर, खूप रडल्यावर किंवा शी करताना जोर लावल्यावर अचानक काळंनिळं पडतात, श्वास खोल आणि वेगाने घेतात. अशा वेळी बाळाचे गुडघे छातीशी घट्ट दुमडून धरायचे, शांत करायचं, आणि कमी झालं तरी दवाखान्यात जायचंच. मूर्च्छा आली, अंग ढिलं पडलं, तर १०८ ला फोन करा आणि फोनवरच “हृदयाचं बाळ आहे, निळं पडलंय” असं सांगा. घोडबंदर रोडच्या कोंडीत संध्याकाळी अडकायची भीती असेल तर जवळच्या ऑक्सिजन असलेल्या कुठल्याही बालरुग्णालयात आधी शिरा. नेहमीच्या डॉक्टरांपर्यंत पोचणं हा नंतरचा मुद्दा. टीओएफच्या बाळाला जुलाब-उलट्या झाल्या तर तेही घाईचंच, कारण या बाळांचं रक्त आधीच दाट असतं आणि पाणी कमी पडलं की आणखी दाट होतं.

या मुलांसाठी १९४४ पर्यंत जगात काहीच उपाय नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. हेलन टॉसिग यांच्या लक्षात आलं की वर सांगितलेली ती पीडीएची नळी मिटली की निळ्या बाळांची तब्येत ढासळते. मग तशीच एक वाट हाताने करून देता येईल का? तिथले सर्जन डॉ. ब्लॅलॉक यांनी ते ऑपरेशन केलं, पण त्याची रीत प्रयोगशाळेत बसवली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने, ज्याच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती आणि ज्याचं नाव त्या ऑपरेशनला जोडलं जायला कित्येक दशकं लागली. फार लहान किंवा अशक्त बाळांत अशी हाताने केलेली वाट, म्हणजे ‘शंट’, आजही आधी टाकतात आणि पूर्ण दुरुस्ती नंतर करतात. इतर बाळांत टीओएफची दुरुस्ती बहुधा सहा महिने ते वर्षाच्या आसपास होते.

आता “वजन वाढू दे” बद्दल. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. मोठ्या व्हीएसडीचं बाळ होलमुळेच वाढत नसतं. वजन वाढल्यावर होल बंद करू, हा उलटा हिशेब आहे. होल बंद केलं की वजन वाढतं. औषधं आणि दूध नीट चालू असूनही वजन हलत नसेल, तर चांगली केंद्रं तीन-साडेतीन किलोच्या बाळाचंही ऑपरेशन करतात. थांबण्याची किंमत फुप्फुसं मोजतात. जोराचं रक्त सतत आदळून त्यांच्या रक्तवाहिन्या जाड होतात, दाब वाढतो, आणि एका टप्प्यानंतर तो कायमचा होतो. मग होल बंद करणंच धोक्याचं ठरतं. डाउन सिंड्रोमच्या बाळांत हे आणखी लवकर होतं, आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना हृदयाचा दोष असतो, म्हणून अशा प्रत्येक बाळाचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) जन्मानंतर लगेच व्हायला हवा.

यात एक फसवी गोष्ट आहे. फुप्फुसांतला दाब वाढू लागला की होलमधून जाणारं रक्त कमी होतं. धाप कमी होते, घाम कमी होतो, बाळ दूध पिऊ लागतं. घरात पेढे वाटले जातात, “बघा, आपोआप बरं झालं.” होल खरंच लहान होत असेल तरीही हेच दिसतं. बाहेरून दोन्ही सारखं. फरक फक्त टूडी इको सांगतो. त्यामुळे बाळ बरं दिसायला लागलं की पुढची तारीख रद्द करायची नाही, उलट ती चुकवायचीच नाही.

आणि जिथे थांबायचं तिथे निवांत थांबा. स्नायूंच्या भागातला छोटा व्हीएसडी बरेचदा आपोआप मिटतो. त्याचा आवाज स्टेथोस्कोपमध्ये मोठा येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. छोट्या छिद्राचाच आवाज मोठा असतो. एएसडीला बहुधा तीन-चार वर्षांपर्यंत थांबतात, आणि जागा योग्य असेल तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून छत्रीसारखं दिसणारं डिव्हाइस बसवतात. पीडीएचंही बहुधा तसंच.

ऑपरेशनपर्यंतचे आठवडे आईचे जातात ते दुधात. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं पाजायचं, डोकं उंच ठेवून. एका वेळी वीस-तीस मिनिटांहून जास्त ओढायला लावू नका. उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. ज्या बाळाला तेही झेपत नाही त्याला नाकातून नळी घालतात. आमच्या इमारतीत ती नळी बघून लोक हळहळायचे, पण त्या नळीने मुलीचा ओढण्याचा कष्ट वाचत होता आणि तेवढं दूध अंगी लागत होतं. काही बाळांच्या दुधात डॉक्टर पावडर किंवा खोबरेल तेल मोजून घालायला सांगतात. मोजून, आणि त्यांनी सांगितलं तरच. बाळगुटी, मध, वरचं पाणी नको. पोटात जागा मुळात कमी, ती कशाने भरायची ते ठरवा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, कपडे काढून. निरोगी बाळ पहिल्या महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढतं. आपल्या बाळाने किती वाढायला हवं, तो आकडा डॉक्टरांकडून घेऊन वहीत वर लिहून ठेवा.

औषधं बहुधा लघवी वाढवणारी असतात, म्हणजे फुप्फुसांतलं पाणी उतरतं. बाळांसाठी बऱ्याच वेळा मोठ्यांची गोळी पाण्यात विरघळवून त्यातले ठरावीक एमएल द्यायला सांगतात. इथे घरच्या चमच्यावर भरवसा ठेवू नका, सुई नसलेली सिरिंज वापरा, आणि कुणी कधी दिलं हे लिहा, कारण आजी आणि आई दोघींनी डोस देणं सहज घडतं. डिगॉक्सिन हे हृदयाला जोर देणारं औषध चालू असेल तर फार काटेकोर राहा: डोस दिल्यावर उलटी झाली तर विचारल्याशिवाय परत देऊ नये. जुलाब लागले तर लघवीचं औषध तसंच चालू ठेवायचं का, हे फोन करून विचारा.

लसी सगळ्या आणि वेळेवर. “हृदयाचं बाळ आहे, लस नको” हे चुकीचं आहे. न्यूमोनिया याच बाळांना जड जातो. न्यूमोनियावरची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात मोफत आहे, फ्लूची सहा महिन्यांनंतर विचारून घ्या. ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं असेल तर गोवर-रुबेलाची लस काही महिने पुढे ढकलतात, तेही विचारा. पावसाळ्यात आणि गणपतीत सर्दी झालेल्या पाहुण्यांना बाळाजवळ येऊ देऊ नका. वाईट दिसलं तर दिसू दे.

पैशांचं. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे, तिथे ऑपरेशनसकट सगळं मोफत होतं; ठाण्याहून पनवेलच्या ट्रान्स-हार्बर लोकलने सरळ खारघर. परळला वाडिया आणि केईएम आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. यादीतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात, आधी त्यांना भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात, हृदयाचा दोष त्यांच्या यादीत आहे, आणि तिथून पुढे पाठवलेल्या मुलाचा खर्चही योजनेतून होतो. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधार आणि बाळाचा जन्मदाखला पहिल्या आठवड्यातच तयार ठेवा. जन्मदाखल्यासाठी नाव ठरायची वाट बघायची गरज नाही, नाव नंतर घालता येतं.

ऑपरेशननंतर बाळ आयसीयूत नळ्यांत गुरफटलेलं दिसतं. श्वासाची नळी, छातीतून पाणी काढणारी नळी, बारीक तारा. प्रत्येक नळी कशाची हे सिस्टरना विचारलं तर त्या सांगतात, आणि कळलं की ते दृश्य थोडं सोसतं. आईने त्या दिवसांत दूध काढत राहायचं, नाहीतर आटतं. घरी आल्यावर सहा ते आठ आठवडे बाळाला बगलेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. छातीच्या मधलं हाड जुळत असतं. मालिशवाल्या मावशींना हे मी करून दाखवलं होतं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत छातीला तेल लागलं नाही.

पुढे दुरुस्ती पूर्ण झालेल्या मुलाला खेळू द्या. बहुतेकांना पळायची बंदी नसते. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, म्हणजे पीटीच्या सरांना अंदाज घ्यावा लागणार नाही. दात स्वच्छ ठेवा, किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयाला लागू शकतात. दाताचं काही करायचं असेल तर डेंटिस्टला हृदयाचं आधी सांगा, काही मुलांना अगोदर अँटिबायोटिक लागतं. टीओएफच्या मुलांची फुप्फुसाकडची झडप पुढे गळू शकते, कित्येकांना मोठेपणी ती बदलावी लागते, म्हणून त्यांची तपासणी जन्मभराची. ऑपरेशनचा कागद हरवू नका, मोबाइलमध्ये फोटो आणि घरात दोन झेरॉक्स.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर धोका थोडा वाढतो, शंभरात साधारण दोन ते पाच. म्हणजे बहुतेक वेळा दुसरं बाळ ठीक असतं. दिवस राहण्याआधी साखर तपासून घ्या, रुबेलाची लस झाली नसेल तर ती घेऊन मग महिनाभर थांबा, आणि १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान नेहमीच्या सोनोग्राफीबरोबर फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. त्यात मोठा दोष दिसला तर बाळंतपण हृदयाची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ ठरवता येतं, आणि ते प्रोस्टाग्लँडिन बाळ जन्मताच हाताशी असतं.